सातचा शिक्का

मी डावखुरा. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वेल्डिंगचा होल्डर मी डाव्या हातात धरायचो. मला हे काम दाजींनी शिकवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरुवातीला त्यांनी माझा हात बदलायचा फार खटाटोप केला, डोक्यात टपल्या मारल्या, आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जोड टिकल्याशी कारण."

दाजी रेल्वेच्या वर्कशॉपात तयार झालेले. पिंपरीकडे तेव्हा, म्हणजे पन्नासच्या दशकात, कारखाने नुकते कुठं उभे राहायला लागले होते. मुंबई-पुणे रस्त्यानं सायकल मारत निघालं की दोन्ही अंगाला ज्वारी, मधे निर्वासितांची छावणी, आणि मग एकदम पत्र्याची शेड आणि धुराडं. आमचा कारखाना रंगाचा होता. कापडाचा रंग मोठमोठ्या कढयांमध्ये वाफेवर शिजायचा. वाफ बॉयलरकडून एका जाड नळानं यायची आणि त्या नळाला जागोजाग फाटे काढून एकेका कढईला दिलेली होती. हे फाटे वेल्डिंगनं जोडायचं काम दाजींचं आणि माझं. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून त्यांनीच मला इथं आणलं, साहेबांपुढं उभं केलं आणि चिंचवडला नदीच्या अंगाला आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. भाकऱ्या आक्का करायची, जेवायला आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. कारखान्यात मला दाजींचं शेपूट म्हणायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं.

वाफेच्या कामाला एक रीत होती. वाफेच्या नळाला कोणीही उठून हात लावायचा नाही. सरकारी बॉयलरसाहेबांपुढं जोड करून दाखवायचा, तो पास झाला की कारखाना तुम्हाला एक पोलादी शिक्का द्यायचा. दाजींचा चारचा, माझा सातचा. जोड पूर्ण झाला की त्याच्या शेजारी हातोडीनं आपला आकडा ठोकायचा. ठोकला की तो जोड तुमचा. टिकला तर कोणी विचारत नाही, फुटला तर तुम्हाला धरतात. खंडेनवमीला आक्का दोन्ही शिक्के पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू लावायची. दुसऱ्याचा शिक्का हातात घेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं होतं. असलं काम आमच्यात कोणी करत नसे, निदान मला तसं वाटायचं.

आणि ज्याचा जोड दगा देईल त्याचा शिक्का परत घेत. मग तो माणूस आयुष्यभर गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसायचा. माझ्या बरोबरीची पोरं जाळ्याच जोडत होती. मी मात्र एवढ्या लहान वयात वाफेवर होतो, आणि त्याची मला घमेंड होती. का असू नये? हात चांगलाच होता माझा.

एका सकाळी पहिल्या पाळीला वाफ सोडली आणि तिसऱ्या कढईच्या फाट्याच्या बुडातून शिट्टी वाजायला लागली. त्या कढईवर छावणीतला एक सिंधी गडी होता. माझ्याच वयाचा, दुपारच्या सुट्टीत आपल्या डब्यातला पापड अर्धा मोडून मला देणारा. व्हॉल्व्ह बंद करायला तो पुढं धावला आणि नेमका तेव्हाच सांधा उकलला. त्याच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडं सोललं. त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. 

नळ निवल्यावर फोरमन साहेबांनी मला आणि दाजींना बोलावलं. फोरमन साहेब नवे होते, पण माणूस सरळ, उगाच आवाज चढवणारा नव्हे. मी नळावरचा, उष्णता राखायला दिलेला पांढरा लेप फोडला, गोणपाट ओढून काढलं. उकललेल्या सांध्याशेजारी, गंजानं तांबूस झालेल्या लोखंडावर, आकडा होता. सात.

 पहिला विचार आला तो त्या सिंधी गड्याचा. म्हटलं, ह्याचा हात मी भाजला.

साहेब म्हणाले, "काप." मी गॅसनं फाटा बुडातून कापून काढला, खाली उतरवून टेबलावर ठेवला आणि उलटा केला. आतलं दिसलं तेव्हा भोवतीचे दोघंतिघं मागं सरकले. फाट्याची आणि नळाची तोंडं नीट जुळलेली नव्हती. मधे बोटभर फट राहिली होती, आणि त्या फटीत वेल्डिंगच्या कांड्यांचे तुकडे मोडून मोडून कोंबलेले होते. वरून फक्त पातळ थर ओढून सारवल्यासारखं केलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला जोड गुटगुटीत दिसावा, आत सगळं पोकळ.

हे पाप काय असतं ते मला माहीत होतं, कारण दाजींनीच शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "फट मोठी पडली तर नमुना परत आख, परत काप. न्हाई तर दुसरा नळ आन. पर तुकडा घातलास तर हात मोडीन तुजा." मी कधीही तुकडा घातला नाही. भीतीनं म्हणा, दाजींच्या शब्दाखातर म्हणा, कधीच नाही.

म्हणून मी तो फाटा हातात घेऊन उजेडाकडं नेला. वेल्डिंगच्या जोडावर बारीक बारीक लाटा उठतात. हात कोणीकडून कोणीकडं गेला ते त्या लाटा सांगतात. माझ्या लाटा नेहमी उलट्या. दाजी त्यावरून माझी चेष्टा करायचे. या लाटा सरळ होत्या. उजव्या हाताच्या.

"साहेब, हा माझा हात नाही," मी म्हणालो, आणि त्यांना लाटा दाखवल्या. शेजारच्या कढईवरचा माझा जोडही दाखवला.

साहेबांनी बॅटरी लावून दोन्ही नीट पाहिले. नाही म्हणणार नाही, मन लावून पाहिले. मग म्हणाले, "तू म्हणतोस तसं असेलही. पण शिक्का तुझा आहे, आणि तू स्वतःविषयी सांगतोयस. मला जाणत्या माणसाचं सांगणं हवं." ते दाजींकडं वळले. "याला तुम्ही शिकवलंय. हा हात कोणाचा?"

दाजी वाकले. मी अगदी निर्धास्त होतो. दाजींनी एक नजर टाकली की विषय संपला. माझा जोड ते अंधारात बोट फिरवून ओळखायचे.

आणि तेवढ्यात माझ्या टाळक्यात आलं. वाफेच्या नळाला हात लावणारे कारखान्यात दोघंच, मी आणि ते. माझा नसेल तर कोणाचा असणार?

खरं सांगतो, मला त्या क्षणी राग आला नाही. मला दाजींची कीव आली. आता यांना चारचौघांत मान खाली घालून सांगावं लागणार, की जोड माझा. मी मनातल्या मनात त्यांची बाजू मांडायला सुद्धा लागलो होतो. म्हणणार होतो, साहेब, घाई असेल, नळ मिळाला नसेल, एवढ्या वर्षांत एक चूक. कसा मूर्ख होतो मी.

दाजी सरळ झाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

"शिक्का सातचा हाय, साहेब," ते म्हणाले.

बस्स, एवढंच. खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही. शिक्का सातचाच होता. साहेबांनी परत विचारलं, "म्हणजे याचा?" दाजी म्हणाले, "आता सात कुनाचा, ते तुमाला ठावं हाय." आणि मग हात जोडून म्हणाले, "पोरगं हाय. चुकलं आसंल. कामावनं काढू नगा, मी हमी घेतो त्याची."

माझी हमी घेतली त्यांनी. चारचौघांत. लोक त्यांच्याकडं आदरानं बघायला लागले. मेव्हणा असावा तर असा.

मी का बोललो नाही, असं तुम्ही विचाराल. काय बोलणार? तिथंच म्हणायला हवं होतं, की हा जोड ह्यांचा आहे. शब्द तोंडात आला होता. पण समोर दाजी होते आणि दाजींच्या मागं आक्का, आक्काची तीन लेकरं, चिंचवडच्या दोन खोल्या. बहिणीच्या कुंकवाला चारचौघांत लबाड म्हणायला जीभ उचलली पाहिजे ना. नाही उचलली. साहेबांनी हात पुढं केला, मी खिशातून शिक्का काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"फाटा आजच बसवायचा," साहेब म्हणाले. "जोड हे करतील. तयारी तू कर."

म्हणजे ज्यानं बुडवलं त्याच्या हाताखाली मी गडी. असं असतं बघा.

मी परांचीवर चढलो. कढईकडचा व्हॉल्व्ह बंद होता, बॉयलरकडच्या जोडणीत लोखंडी चकती घालून तो मार्गही बंद केला, नळातलं पाणी काढून टाकलं. जुन्या जोडाचं उरलंसुरलं गॅसनं उतरवलं आणि कानशीनं घासत बसलो, नळाचं चांगलं पांढरं लोखंड दिसेपर्यंत. घासताना डोकं मात्र थांबेना. हा फाटा बसला तरी कधी? मी तर बसवला नव्हता. कानस ओढता ओढता आठवलं, आणि कानस हातातच राहिली.

आमचे आबा, म्हणजे वडील, वारले तेव्हा. आम्ही सगळे गावी गेलो होतो. दाजी तिसऱ्या दिवशी राख सावडून परत फिरले, कारण तिसरी कढई चालू करायची होती आणि आधीचे फोरमन घाई करत होते. मी आणि आक्का दिवस होईपर्यंत गावीच राहिलो. निघताना दाजी म्हणाले होते, "तुज्या पेटीची किल्ली दे. कानस-बिनस लागंल." मी करगोट्याची किल्ली सोडून दिली. माझं डोकं भादरलेलं होतं, आबांची राख अजून गार व्हायची होती, आणि इकडं माझ्या पेटीतनं माझा सात बाहेर निघत होता. परत आल्यावर कढई सुरू झालेली पाहून मीच दाजींना म्हणालो होतो, एकट्यानं उरकलंत की. ते म्हणाले, "उरकलं कसंबसं."

मला काय लागलं ते सांगतो. त्यांनी वाईट जोड केला, याचं मला काही नाही. घाईत माणूस करतो. नमुना चुकला असेल, भोक मोठं कापलं गेलं असेल, दुसरा नळ नसेल. पण जोड झाल्यावर त्यांनी आपला चारचा शिक्का बाजूला ठेवला आणि उठून माझी पेटी उघडली. म्हणजे जोड टिकणार नाही हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. फुटणार हे कळलं म्हणूनच माझा आकडा लागला. चांगला झाला असता तर चारच ठोकला असता त्यांनी, झोकात.

खालून दाजींचा आवाज आला, "झालं का न्हाई घासून?"

"झालं," मी म्हणालो.

जुन्या भोकापेक्षा जरा रुंद अशा नव्या फाट्याच्या तोंडाचा नमुना मी जाड कागदावर आखला, नळाभोवती गुंडाळून खडूनं खूण केली आणि खुणेपर्यंत भोक वाढवलं. फाट्याचं तोंड घासून उतार दिला. वर ठेवून पाहिलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा घासलं. असा बसवला की चहूकडून फट सारखी. मुद्दाम केलं मी. म्हटलं, घ्या, आता तुकडा घालायला जागा शोधून दाखवा. दाजी परांचीवर आले आणि त्यांनी फटीत कांडीचं टोक फिरवून पाहिलं. सगळीकडं सारखं लागलं. क्षणभर ते थांबले. मला वाटलं, आता बोलतील. आम्ही दोघंच होतो वर, ऐकायला कोणी नव्हतं. नुसतं 'चुकलं माझं' म्हणाले असते, तर देवाशपथ सांगतो, मी ते गिळलं असतं आणि जन्मभर तो जोड माझाच म्हणालो असतो.

"गुण्या लाव," ते म्हणाले.

मी गुण्या लावला. फाटा काटकोनात होता. त्यांनी चार ठिकाणी टाके मारले, काच डोळ्यांपुढं धरली आणि जोड सुरू केला. मी मान फिरवून उभा राहिलो. त्यांनी एक थर संपवला की मी खपली फोडून ब्रश मारायचा, मग त्यांनी पुढचा घालायचा. जोड चांगला झाला, हे कबूल करायला मला आजही त्रास होतो. शांतपणे काम केलं की दाजींचा हात फार सुरेख होता.

हातपंपानं नळात पाणी भरून दाब चढवला. साहेब घड्याळ धरून उभे राहिले. सांध्यावर मी खडूची पूड चोळली होती, पाणी आलंच तर डाग पडावा म्हणून. डाग पडला नाही. साहेब दाजींना म्हणाले, "शाबास." दाजींनी खिशातून शिक्का काढला आणि ठोकला. चार. त्या नळाच्या तिसऱ्या फाट्यावर आता चार आहे, आणि तो टिकला, कारण तयारी माझी होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मनात रोज म्हणतो.

त्यानंतर मी वाफेला कधी हात लावला नाही. खडकीला एका शेडमध्ये जाळ्या जोडल्या, गेटं जोडली, बंगल्यांच्या जिन्यांचे कठडे जोडले. त्या सिंधी गड्याचा हात बरा झाला, पण तो माझ्याशी परत बोलला नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्याला जे सांगितलं गेलं ते त्यानं धरलं.

पण त्या दिवशी संध्याकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं. आम्ही दोघं सायकलींवरून घरी निघालो. दाजी पुढं, मी मागं. चिंचवडच्या अलीकडं ते उतरले, माझी वाट पाहत थांबले. मी जवळ गेल्यावर हँडलकडं बघत म्हणाले, "घरी काय बोलू नगंस. तिला तरास हुईल."

मी म्हणालो, "तिचा त्रास कळतो तुम्हाला."

ते सायकलवर बसले. आणि मी तिथंच ठरवलं, की आक्काला सांगायचं. साहेबांना सांगितलं नाही, लोकांना सांगितलं नाही, पण माझ्या थोरल्या बहिणीला, जिनं मला कडेवर वाढवलं तिला, कळलं पाहिजे. जगात एका माणसाला तरी माहीत पाहिजे, की तो जोड माझा नव्हता. तेवढं झालं तरी मला पुरे होतं.

दाजी मागच्या अंगाला हातपाय धुवायला गेले. पोरं बाहेर खेळत होती. आक्का चुलीपुढं बसली होती, तिनं माझ्या ताटात भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फाटा, तुकडे, शिक्का, साहेबांनी विचारलं ते, दाजी बोलले ते.  सांगून झाल्यावर मी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं ती पदर डोळ्यांना लावेल, नाहीतर उठून तशीच मागच्या दारी जाईल.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"आज कळलं?"

"आज न्हाई. आबांचं दिवस करून आलो ना आपन, तवाच ह्येंनी सांगितलं. लई घाबरलं व्हतं. साहेबाकडं जाऊन कबूल करतो म्हनलं, फाटा काढून परत बसवतो म्हनलं." तिनं निखारे पुढं ओढले. "मीच जाऊ दिलं न्हाई."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणते. मी विचारलं, "तू?"

"व्हय, मी. ह्येंचा शिक्का गेला आसता तर पोरांच्या तोंडात काय घातलं आसतं? त्यो फुटंल का न्हाई, कुनाला ठाव. फुटला तर तुज्यावर जाईल, तू एकला जीव, तुला कुठंबी काम मिळतंय." ती चिडून बोलत नव्हती, रडतही नव्हती. बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होती. मग पिठाचे हात परातीवर झटकत तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आन् तू बोलायचा न्हाईस, ह्ये मला म्हाईत व्हतं."

दाजींचा राग मी पुढं सोडून दिला. तो माणूस कबूल करायला निघाला होता, एवढं तरी मला कळलं. आक्काचा राग मात्र माझ्या हाडात बसला आहे, ती गेली तरी निघालेला नाही. माझ्यावर माया होती तिची, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तिनं सगळं बेतलं ते माझ्या मायेवर.

मागच्या दारातून दाजी आत आले. पंच्यानं तोंड पुसलं, आक्काकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना कळायचं ते कळलं. ते जेवायला पाट मांडायला वाकले. मी थोडा सरकलो आणि त्यांना बसायला जागा करून दिली.